साडीवर पाच, सल्ल्यावर अठरा

बंगळुरात वेबसाइट करून देण्याचा धंदा करतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत उभी राहते. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात कॉफीचा कागदी पेला, कोपऱ्यात टेबल टेनिस. ऑफिस चिकपेटेत आहे असं पुढे सांगितलं की ती इमारत एका वाक्यात खाली बसते. चिकपेटेत लोक लग्नाचा बस्ता बांधायला जातात. तिथे कोणी वेबसाइट बांधायला जातं, ही गोष्ट बेळगावच्या माझ्या मामांना अजून पटलेली नाही. ते घरी आलेल्यांना ‘साड्यांच्या लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगतात आणि विषय मिटवतात.

मामांचं सांगणं अगदीच खोटं नाही. ऑफिस एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली साड्यांच्या खोक्यांचा ठोक व्यापारी. जिना एका माणसापुरता. डोक्यावर गठ्ठा घेऊन हमाल खाली येत असेल तर आपण निमूटपणे मागे सरायचं, मग आपल्या हातात लॅपटॉप असो की कोट्यवधींचं कोटेशन. जून २०१७ मध्ये मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि चिकपेटेला स्वतःचं स्टेशन मिळालं. क्लायंट आता थंडगार डब्यातून येतो, सरकत्या जिन्याने वर येतो आणि पहिल्याच वळणावर हातगाडीच्या मागे अडकतो. तिथून पुढे गूगलचा नकाशाही विचारत विचारतच येतो.

या पेठेची आखणी पहिल्या केंपेगौडाची, १५३७ च्या सुमाराची. कथा अशी सांगतात की त्याने मधल्या चौकातून चार दिशांना नांगराला जुंपलेले बैल सोडले आणि त्यांनी ओढलेल्या रेघांचे रस्ते झाले. आडवी चिक्कपेटे, उभी दोड्डपेटे; या उभीला आता अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात. मग भोवताली एकेका मालाला नि एकेका कसबाला एकेक पेठ मिळाली. तांदळाला अक्कीपेट, बांगड्यांना बळेपेट, कापसाला अरळेपेट, कुंभारांना कुंभारपेट, तेल्यांना गाणिगरपेट. नुसतं नाव वाचून माल कुठे मिळेल ते कळावं आणि दोन वळणांत तिथे पोचावं. आमच्या धंद्यात याला इन्फर्मेशन आर्किटेक्चर म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. केंपेगौडाला हे इतकं नेटकं कसं जमलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सोपं आहे. त्याला क्लायंट नव्हता. बैल होते, आणि बैल बदल सुचवत नाहीत.

असंच भाग्य टिम बर्नर्स-ली यांना लाभलं. जगातली पहिली वेबसाइट त्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत केली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला कळली. चित्र नाही, लोगो नाही. नुसता मजकूर आणि दुवे. चिकपेटेत ती दाखवली असती तर शेठजींनी शांतपणे बघितली असती आणि म्हटलं असतं, “मजकूर झाला, छान. आता डिझाइन कधी दाखवताय?”

साडीच्या पेढीत क्लायंट एकवचनी नसतो, दोन्ही अर्थांनी. आजोबा गादीवर असतात, वडील गल्ल्यावर आणि मुलगा मोबाइलवर. कामाची बोलणी मुलाशी होतात. तो बीबीए झालेला असतो, त्याला परदेशी फॅशनच्या दुकानांसारखं पांढरंशुभ्र, मोकळं होमपेज हवं असतं. ते वडिलांना दाखवलं की ते पांढऱ्या जागेवर बोट ठेवतात. “हे रिकामं का? याचं भाडं आपण भरतोय ना?” चिकपेटेत ज्याचं अख्खं आयुष्य दहा फुटी दुकानात माल बसवण्यात गेलं, त्याला मोकळ्या जागेचं सौंदर्य समजावण्यात अर्थ नसतो. जागा मोकळी दिसली की त्याला तिथे कपाट दिसतं. मग लोगो मोठा होतो. मग आजोबा चष्मा मागवतात. पेढी ज्यांनी काढली त्या पणजोबांचा हार घातलेला फोटो कुठे आहे? तो येतो, लोगोपेक्षा मोठा. त्याच्या वर गणपती आणि लक्ष्मी, अर्थातच फोटोपेक्षा मोठे. शेवटी गिऱ्हाइकाला साडी दिसते ती चार वेळा बोट वर सरकवल्यावर, आणि तोवर त्याचं चित्त शुद्ध झालेलं असतं.

डेमोत खरा मजकूर नसतो, म्हणून आम्ही ‘लोरेम इप्सम’ नावाचा खोटा लॅटिन मजकूर भरतो. मुळात तो सिसेरोच्या इसवी सन पूर्व ४५ मधल्या एका ग्रंथाची मोडतोड आहे. छापखान्यांच्या जगात तो गेल्या शतकातल्या साठच्या दशकात पसरला आणि तिथून आमच्याकडे आला. एका पेढीत आजोबांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. पहिल्या ओळीनंतर दुकानात कुजबुज सुरू झाली. या गल्लीत कन्नड, तेलुगू, तमिळ, मारवाडी, गुजराती, उर्दू आणि आमची मराठी सकाळी दहाच्या आत कानावर पडते, त्यामुळे अनोळखी भाषा कोणालाच घाबरवत नाही. मुनीम म्हणाले तुळू असेल. कापडाच्या घड्या घालणारा पोरगा तुळूवाला निघाला, त्याने नकार दिला. शेवटी कोकणीवर एकमत झालं आणि आजोबांनी मला विचारलं, “मंगळूरचे व्यापारी आपल्याकडे येतात हे खरं, पण सगळंच कोकणीत कशाला?” वडिलांची काळजी वेगळी होती. २०२४ मध्ये कायदा बदलला आणि दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं. ते इंचपट्टी घेऊनच बसले होते. सिसेरोला साठ टक्क्यांत कुठे बसवायचं, हा प्रश्न त्या दिवशी अनिर्णित राहिला.

सगळं पसंत पडलं की मुहूर्ताचा प्रश्न येतो. वरमहालक्ष्मीच्या सणाआधी साइट सुरू झालीच पाहिजे, कारण श्रावणातला तो शुक्रवार साड्यांच्या पेठेचा मोठा दिवस. यात वावगं काही नाही. पण साड्यांचे फोटो त्याच सकाळी हाती येतात, आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. त्या वेळात चिकपेटेत कोणी चेकवर सहीसुद्धा करत नाही. एकदा मी सहज बोलून गेलो की सर्व्हर सिंगापूरला आहे. मग सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, तर राहुकाळ तिथला धरायचा की इथला, यावर चर्चा झाली. पुरोहितांना फोन गेला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला: यजमान जिथे बसला आहे तिथला. जगभर सर्व्हरची जागा आणि त्याला लागू होणारा कायदा यावर मोठमोठे वकील भांडतात. आमच्या गल्लीत तो वाद स्पीकरफोनवर मिटला.

रेशमाचा रंग मात्र पुरोहितांच्या हातातला नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली साडी पसरली की जर चकाकते आणि कॅमेरा दिपतो. मोरपंखी रंग फोटोत कधी निळा येतो, कधी हिरवा, आणि उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग वेगळे असले तर एकाच घडीत दोन्ही येतो. म्हणून दुकानदार पारखी गिऱ्हाइकाला साडी घेऊन दारात पाठवतो, “उजेडात बघा, ताई.” मीही तेच शिकलो. सकाळी दुकानं उघडायच्या आधी, गल्लीत ऊन उतरायच्या वेळी, पायरीवर चादर टाकून फोटो काढायचे. फोटो बरोब्बर येतात. मग आजोबा आपल्या फोनवर बघतात आणि सगळ्या साड्या पिवळट असल्याची तक्रार करतात. डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवानेच त्यांच्या फोनचा पडदा कायमचा पिवळा करून ठेवलेला असतो. हे सांगायचं कोणी? नातू माझ्याकडे बघतो, मी साडीकडे.

मॉडेल आणून नीट फोटो काढूया, असंही मी सुचवून पाहिलं. मालकांनी गादीवरच्या सेल्समनकडे बोट दाखवलं. पन्नाशीचे, भरघोस मिशांचे गृहस्थ. ही मंडळी साडीचा पदर झोकात स्वतःच्याच खांद्यावर टाकतात, निऱ्या चिमटीत धरतात, कंबरेशी एक हात ठेवतात आणि गंभीर चेहऱ्याने गिऱ्हाइकापुढे उभी राहतात. त्यांना कोणी हसत नाही, कारण त्या क्षणी बायका त्यांना बघतच नाहीत, साडी बघतात. २०२० साली टाळेबंदीनंतर बाजार थंड पडला, तेव्हा हेच गृहस्थ मोबाइलसमोर पदर घेऊन उभे राहिले. व्हिडिओ कॉलवर समोरची बाई म्हणे, जरा काठ दाखवा. हे काठ दाखवत. उलटी बाजू दाखवा. हे उलटी बाजू दाखवत. माझ्या सुबक कॅटलॉगमधून जेवढी विक्री झाली त्याच्या कितीतरी पट त्या मिशांनी केली. तेव्हापासून साडीच्या साइटवर मी सगळ्यात वर एकच बटण ठेवतो: व्हिडिओ कॉलवर साडी बघा. बाकी पानं हौसेची.

माझ्या धंद्याचं नाव सल्लागाराचं आहे, पण सल्ला कसा द्यायचा ते मला शिकवलं एका गलाईवाल्या आप्पांनी. चिकपेटेला लागून नगरथपेट आहे, सोन्याचांदीच्या कारागिरांची. तिथे खानापूर, आटपाडी, तासगाव या सांगलीच्या दुष्काळी टापूतली मराठी माणसं सोनं गाळायचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करतात. पाऊस दगा देतो म्हणून ही माणसं बाहेर पडली आणि देशातल्या बहुतेक सराफकट्ट्यांत जाऊन पोचली. सोनारांकडचं मोडीचं सोनं आणि कामाच्या जागेवरचा झाडलेला केर यातून ते शुद्ध सोनं काढतात. मुशीत वितळवतात, नायट्रिक अ‍ॅसिडात टाकतात. चांदी, तांबं विरघळून जातं आणि सोनं तळाशी उरतं. आप्पा विट्याकडचे. एके दिवशी जिना चढून आले आणि म्हणाले, “एक वेबसाइट पायजे. झकास.”

मी वहीच उघडली. भाव रोज दिसायला हवेत का? पावती ऑनलाइन? सोनारांना लॉगिन? आप्पा प्रत्येक प्रश्नाला “नको” म्हणत गेले. गिऱ्हाइकं त्यांना नको होती, ती तीन गल्ल्यांतली ठरलेली होती. पत्ताही फार ठळक नको होता. सोन्याच्या कामात तो शहाणपणाच. मी विचारलं, “मग आप्पा, वेबसाइट हवी कशाला?” ते दाराकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, “थोरल्याचं जमवायचं हाय. पोरीकडची मंडळी आता नाव टाकून बघत्यात. आमचं कायच येत न्हाय. त्यांना वाटतं, बंगळुरात काय करत्यात कुणास ठाऊक.”

एक पान केलं. पेढीचं नाव, स्थापनेचं साल, गावाचं नाव, बापलेकांचा दुकानात बसलेला फोटो, आणि गावच्या शाळेला दिलेल्या पाण्याच्या टाकीचा एक फोटो. आप्पांनी तो टाकीचा फोटो तीनदा बघितला. पैसे द्यायच्या वेळी मी भाव सांगायच्या आतच ते म्हणाले, “आमच्यात आधी सोन्याचा टंच बघत्यात, मग भाव बोलत्यात. तू आधी इचारलंस, हे बरं केलंस.” त्या एका पानाच्या सांगण्यावर पुढे कितीतरी गलाईवाले आले. त्यांच्यातल्या निम्म्यांना थोरला मुलगा होता.

तेव्हापासून मी क्लायंटला ‘कशी हवी’ हा प्रश्न शेवटी विचारतो. ‘कशाला हवी’ हा पहिला. उत्तरं अशी येतात की कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. समोरच्याने केली म्हणून हवी. बँकेच्या साहेबाने विचारलं म्हणून हवी. भाऊ वेगळा झाला, आता जुनं नाव आपल्याकडे आहे हे गावाला कळलं पाहिजे म्हणून हवी. प्रत्येकाची साइट वेगळी होते, आणि दहापैकी चार जणांना सांगावं लागतं की तुम्हाला वेबसाइट नको आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दुकानाचं नाव, वेळ आणि नकाशा नीट भरा, भागेल. यात माझं नुकसान दिसतं. पण चिकपेटेत गिऱ्हाईक परत येतं ते याच कारणाने.

आता पैशाचं. या गल्लीत घासाघीस हा अपमान नसतो, ती विचारपूस असते. भाव सांगितला की समोरचा हळहळतो, आपण हळहळतो, कॉफी येते, एक आकडा ठरतो. “तीन साड्यांवर आम्ही सूट देतो, तीन पानांवर तुम्ही काय देता?” हा प्रश्न मला नेहमीचा. भाच्याला पण वेबसाइट येते, हे वाक्य पूर्वी असायचं. आता भाच्याच्या जागी एआय आलं आहे आणि ते भाच्यापेक्षा कमी खातं. हे सगळं चालतं. खरी अडचण बिलाच्या शेवटच्या ओळीला येते. साडीवर जीएसटी पाच टक्के, माझ्या सेवेवर अठरा. “साडी नेसता तरी येते,” असं एका शेठजींनी मला अत्यंत दुःखाने सांगितलं होतं. ते अठरा टक्के तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतात, हे मी समजावतो. ते मान डोलावतात, टीडीएस कापतात आणि उरलेली रक्कम सणानंतर देतात. कुठला सण, ते सांगत नाहीत.

वसुलीच्या बाबतीत ही पेठ मराठी माणसाला मुळातच लाभलेली नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले. तिथून बंगळूर सांभाळणं परवडेना, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांशी तीन लाखांचा सौदा ठरला. रक्कम हातात पडायच्या आत, १६८७ मध्ये, मुघलांचा सरदार कासिमखान येऊन गाव घेऊन बसला; आणि पुढे तेच गाव, त्याच गिऱ्हाइकाला, मुघलांनी दिलं. बोलणी एकाने केली, पेमेंट दुसऱ्याने नेलं. मी अ‍ॅडव्हान्स मागितल्यावर कोणी फार ताणलं तर ही हकिकत सांगतो. मराठी क्लायंट लगेच देतो. कन्नड क्लायंट हसतो आणि चार दिवसांनी देतो.

मी खरोखर कोणाकडून धंदा शिकलो असेन तर त्या गादीवरच्या सेल्समनकडून. पन्नास साड्या उलगडायच्या, ढीग गुडघ्यापर्यंत आला तरी एक्कावन्नावी त्याच झोकात फेकायची, आणि बाई ‘जाऊन येते’ म्हणून उठली तरी “या ताई, तुमचंच दुकान” म्हणायचं. ती उठल्यावर त्याच्या कपाळावर आठी आलेली मी पाहिलेली नाही. बाईला साडी नको असते, मुलीच्या लग्नात आपण बरं दिसावं असं हवं असतं, आणि ते पन्नास साड्या बघितल्याशिवाय तिचं तिलाच कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हिरवा जरा गडद करा, लोगो जरा डावीकडे घ्या, परवाचं होतं तेच बरं होतं, असं क्लायंट म्हणू लागला की मी त्या मिशांचं स्मरण करतो. आठवी आवृत्ती उघडतो आणि म्हणतो, “बघा ना, बघायला काय पैसे पडतात?”

एका गोष्टीत मात्र मी सूट देत नाही. डोमेन क्लायंटच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, आणि पासवर्ड त्याच्या तिजोरीत. कितीतरी पेढ्यांचं नाव दुसऱ्याच्याच खात्यावर अडकलेलं असतं. कोणाचा पुतण्या कॅनडाला गेलेला, कोणाच्या जुन्या डिझायनरने फोन बदललेला. नूतनीकरणाचं पत्र भलत्याच ईमेलवर जातं, तारीख चुकते, आणि तीन पिढ्यांनी कमावलेलं नाव बाजारात मोकळं पडतं. दुकानाच्या भाडेकरारावर जो माणूस वकिलाशिवाय सही करत नाही, तो आपलं नाव मात्र पुतण्याच्या भरवशावर सोडतो, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा तुम्हीही कधी वेबसाइट करून घेणार असाल तर आधी स्वतःलाच विचारा की कशाला हवी, मग डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, फोटो सकाळच्या उजेडात काढा आणि अ‍ॅडव्हान्स हसतमुखाने द्या. लोगो मोठा करायचा असेल तर तोही करून मिळेल. फक्त शुक्रवारी साडेदहा ते बारा फोन करू नका. माझी हरकत नाही, पण शेजारचे शेठजी ऐकत असतात.